भिंतीतला पिंपळ

माझ्या सासूबाई एका पिंपळाला दर शनिवारी तांब्याभर पाणी घालत, आणि तो पिंपळ आमच्याच घराच्या भिंतीतून उगवलेला होता. इथपर्यंत सांगितलं की लोक हसतात. त्या वेळी मीही हसत असे. मागच्या खोलीच्या खिडकीतून हात बाहेर काढून त्या पाणी सोडत, ते भिंतीवरून ओघळत खाली जाई, आणि सोमवारपर्यंत आतल्या बाजूला गुलाबी डिस्टेंपरवर नवा डाग उमटलेला असे. मी तो डाग त्यांना दाखवायची. त्या म्हणायच्या, "पावसाचा असन." मे महिन्यातसुद्धा.

ऐंशीच्या दशकातली, अगदी सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. हिंदी मुलखातल्या बालाघाटला आम्ही एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि कपडे वाळत घालण्यापुरती गच्ची. नवरा सरकारी कचेरीत, सासूबाई आमच्याजवळ, आणि मी नागपूरहून लग्न होऊन आलेली, वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली सून. हे बी.एस्सी. मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे त्याचाच मला काडीचाही उपयोग झाला नाही. पाखरू फळ खातं, विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडतं, ओल मिळाली की रुजतं. मला सगळं पाठ होतं. त्या पिंपळाचं पहिलं तांबूस पान दिसलं तेव्हाच चिमटीत धरून उपटला असता तर पुढचं रामायण घडलं नसतं. पण पहिलं पान सासूबाईंना दिसलं, मला नाही. त्यांनी हात जोडले आणि तिथंच विषय संपला.

घरमालक खाली राहायचे. त्यांचं कापडाचं दुकान होतं, माणूस हिंदी बोलणारा आणि तोंडाचा गोड. त्यांच्याकडे तक्रार नेली तर म्हणाले, "पुताई करानी हो तो करा लीजिए, जो रंग चाहिए लगवाइए। पर पेड़ को मैं हाथ नहीं लगाऊँगा, बाल-बच्चेवाला आदमी हूँ।" भिंत त्यांची, झाड देवाचं आणि ओल आमची, अशी ती वाटणी होती.

दोन वर्षांत पिंपळ माझ्या हाताएवढा लांब झाला. आत खोलीत गिलाव्याला पोट सुटलं, मिठासारखा पांढरा लोणा लागला, रोज सकाळी केर काढताना सुपलीभर गुलाबी पोपडे निघू लागले. एका रविवारी नवऱ्यानं आणि मी मिळून थोडं सिमेंट आणलं, परातीत कालवलं, आणि उलथन्यानं फटीत भरलं. आम्ही दोघंही आपापल्या कर्तबगारीवर इतके खूश झालो की संध्याकाळी शेजाऱ्यांना नेऊन भिंत दाखवली. पुढच्या पावसाळ्यात फट होती तिथंच परत उघडली, आणि आमचं सिमेंट वडीसारखं सुटून खाली पडलं. मग आम्ही त्या खोलीत ट्रंका रचल्या, दार लोटून घेतलं आणि भिंत विसरून गेलो.

ती भिंत विसरून चालणार नाही अशी वेळ माझ्या नणंदेनं आणली. तिचा नवरा जंगल खात्यात, बिरसा नावाच्या आडगावी नोकरी. तिथल्या क्वार्टरात तिला पहिलं बाळ झालं होतं. मुलगा. बावीस दिवसांचा असताना त्याची छाती भरली आणि तो गेला. त्या खोलीच्या भिंती पाझरत होत्या, बाळाचे लंगोट तीन-तीन दिवस वाळत नव्हते, आणि शेवटच्या रात्री बाळाच्या अंगाखालची दुपटीसुद्धा गार लागत होती, एवढंच तिनं आम्हाला सांगितलं होतं. पुन्हा कधी त्याविषयी बोलली नाही. आता तिला परत दिवस गेले होते. सातव्या महिन्यात सासूबाईंनी तिला आणवून घेतलं आणि जाहीर केलं, "या खेपी लेकरू कोरड्या खोलीतच येईन."

कोरडी खोली आणायची कुठून? पुढची खोली म्हणजे धर्मशाळा, येणारा-जाणारा तिथंच टेकायचा. स्वयंपाकघरात स्टोव्हचा धूर. उरली ती पिंपळाची खोली. ती दिवाळीच्या आत दुरुस्त करायची, वाळवायची, रंगवायची, आणि बाळंतपणानंतर मायलेकरांना तिथं ठेवायचं, असं ठरलं.

नणंद आली त्या दिवशी चप्पल काढून सरळ त्या खोलीत गेली. भिंतीवर तळहात टेकवून उभी राहिली. मग तो हात नाकाशी नेऊन तिनं वास घेतला. त्यानंतर रोज ती हे करायची, सकाळी उठल्यावर आणि दिवे लागायच्या वेळी. मला ते पाहवत नसे.

मिस्त्री शोधून आणला तो नवऱ्यानं. पन्नाशीचा, सडसडीत, मितभाषी. मूळचा किरनापूरकडच्या खेड्यातला, पण बरीच वर्षं बालाघाटच्याच एका वॉर्डात राहणारा. तो बौद्ध होता. हे आम्हाला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं, कारण सासूबाईंनी त्याच्या चहासाठी दांडी तुटलेला एक कप वेगळा काढून गच्चीच्या कठड्यावर ठेवला होता. मला ते दिसलं होतं. मला ते आवडलं नव्हतं. आणि मी त्याच कपात त्याला चहा ओतून देत होते, हेही लिहायला हवं.

आल्याबरोबर त्यानं भिंत फोडायला घेतली नाही. बोटांच्या पेरांनी ठोकत ठोकत तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला आणि जिथं आवाज पोकळ आला तिथं कोळशानं फुली मारली. नणंद दारात उभी राहून पाहत होती. फुल्या मारून तो मागे सरला तेव्हा अर्ध्याहून जास्त भिंत काळी झाली होती.

"इतकी?" मी म्हणाले.

"हौ. ठोकल्याशिवाय काही मालूम नाही पडत, बाई. वरून तं बरी दिसते."

छिन्नीचे पाच-सहा घाव घातले असतील. गिलाव्याचा एक मोठा पत्रा धप्पकन खाली आला आणि खोलीत धूळच धूळ झाली. धूळ बसल्यावर आम्ही पाहिलं, आणि माझ्या तोंडून "अगं आई गं" एवढंच निघालं. विटा दिसतच नव्हत्या. परातीत शेवया पसराव्यात तशी भिंतभर मुळं पसरलेली होती. काही दोऱ्यासारखी बारीक, काही माझ्या अंगठ्याएवढी जाड, सगळी ओली, पांढुरकी, विटांच्या सांध्यासांध्यात घुसलेली. खिडकीखालून निघून ती कोपऱ्यापर्यंत पोचली होती. त्याच कोपऱ्यात आम्ही बाळंतिणीची बाज टाकणार होतो. बाहेर हातभर लांबीचं झाड आणि आत हे! पुस्तकात वाचलं होतं, आकृत्या काढल्या होत्या, मार्क मिळवले होते. तरी मी दोन पावलं मागे सरले. दोन वर्षं शनिवारचं पाणी कुठं जात होतं ते समोर दिसत होतं.

सासूबाई आल्या, बघितलं आणि मटकन ट्रंकेवर बसल्या. नणंदेनं दोन्ही हात पोटावर घेतले आणि ती पुढच्या खोलीत निघून गेली.

मिस्त्री म्हणाला, "वरून छाटून काही होनार नाही. मूळ अंदर हाय. ते राह्यलं तं सिमेंट लावा का सोनं लावा, पुढच्या पावसात फोडूनच येईन. आता सांगा काय करू?"

"उद्या सांगतो," नवरा म्हणाला. हा त्याचा नेहमीचा निर्णय.

त्या संध्याकाळी आमच्या घरात जी खलबतं झाली ती मला आजही शब्दन् शब्द आठवतात. सासूबाईंचं म्हणणं असं, की पिंपळाला लोखंड लावायचंच नसतं, आणि घरात पोटुशी बाई असताना तर नाहीच नाही. ज्याचा हात, त्याच्या घरातलं पोट वाया जातं. त्यांच्या माहेरी कुणाचं तरी असं झालं होतं. झाड ठेवलं तर ओल, ओल राहिली तर बिरसाची पुनरावृत्ती. झाड काढलं तर हे. आगीतून फुफाट्यात.

"तू तं मानत नाहीस ना असलं काही? मग तूच काप," नवरा मला चिडवत म्हणाला.

मी ताडकन उठले. स्वयंपाकघरातला विळा घेतला आणि मागच्या खोलीत खिडकीशी गेले. पिंपळाची पानं वाऱ्यावर हलत होती. हात बाहेर काढला की झालं, दोन झटक्यांचं काम. तेवढ्यात मागून नणंदेच्या पायांचा आवाज आला. ती भिंतीला हात लावायला आली होती, आणि लावायला भिंत उरली नव्हती म्हणून नुसतीच उभी होती. मी तिच्या पोटाकडे पाहिलं आणि विळा जागेवर नेऊन ठेवला. बी.एस्सी.चा निकाल तिथं लागला.

मग सासूबाईंनी तोड काढली. मिस्त्री बौद्ध आहे, त्याला कुठं पिंपळाचं बंधन? त्यानं काढलं तर दोष लागायचा प्रश्नच नाही, आणि लागलाच तर हात त्याचा. मात्र आपण त्याला "तोड" म्हणायचं नाही. तोंडातून शब्द गेला की तो आपलाच झाला. नुसतं म्हणायचं, भिंत साफ करून द्या. आणि त्या वेळी घरात कुणी थांबायचं नाही. सापही मरावा आणि काठीही मोडू नये.

"पण सांगणार कोण?" मी विचारलं.

"तू सांग. मी सांगितलं तं माह्या तोंडून गेलं असं होईन. आन तू तं मानतच नाहीस."

नवरा वर्तमानपत्र वाचत होता. त्यानं पान उलटलं. मी सासूबाईंना काहीबाही टाकून बोलायला हवं होतं, तेवढी जीभ मला आहे. पण मला ही तोड पसंत पडली होती. कोरडी खोली मिळत होती आणि विळा माझ्या हातात नव्हता.

सकाळी मिस्त्री आला तेव्हा नवरा कचेरीत गेलेला, सासूबाई नणंदेला घेऊन देवळात. मी एकटी.

"मिस्त्री, तेवढी भिंत साफ करून द्या," मी म्हणाले.

"भिंत साफच करून राह्यलो, बाई. झाडाचं काय करू ते सांगा."

"ते आता तुम्हीच बघा ना."

"मी काय बघू? तोडू म्हना, तं तोडतो."

शब्द त्याला माझ्याकडूनच हवा होता. मी म्हणाले, "आमच्यात चालत नाही हो. पण तुमचं तसं काही नसतं ना? म्हणजे तुम्ही लोक हे मानत नाही."

तुम्ही लोक. माझ्याच तोंडून गेलं.

त्यानं छिन्नी खाली ठेवली. आवाज चढवला नाही. म्हणाला, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या हा. आमचा तथागत कोन्या झाडाखाली बसलता, मालूम हाय ना?"

मला भर उन्हात थोबाडीत बसल्यासारखं झालं. मालूम होतं! बोधिवृक्ष म्हणजे पिंपळ, शाळेत टिपा लिहिल्या होत्या. त्याचं शास्त्रीय नावसुद्धा मला येत होतं, आणि त्या नावातच ते झाड पवित्र आहे असं म्हटलेलं आहे. आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं शिकलेली-सवरलेली माणसं तास-दीड तास बोलत बसलो होतो, आणि या माणसालाही हे झाड पवित्र असू शकतं हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आम्हाला त्याच्याबद्दल एवढंच माहीत होतं, की त्याचा कप वेगळा.

"चुकलं माझं," मी म्हणाले.

त्यानं मुळांवरून हात फिरवला. गच्चीवर नणंदेच्या साड्या वाळत होत्या. त्यानं विचारलं, "कोनता महिना हाय त्या ताईले?"

"सातवा."

"हौ," तो म्हणाला. थोडं थांबून परत म्हणाला, "हौ. काढतो मंग. पन तोडनार नाही, मुळासगट काढतो. टाईम लागन. तुमी जा देवळात, डोळ्यासमोर नको."

घरातल्यांनी निघून जायचं असतं हेही त्याला माहीत होतं. आणि मी गेले.

तीन दिवस लागले. खिडकीच्या वर त्यानं लाकडी बल्ल्यांचा टेकू दिला आणि एकेक वीट सोडवून काढली. मुळांवर पाणी शिंपडून, हातानं माती मोकळी करून, न तोडता ती बाहेर ओढली. अगदीच अडलेलं एखादं मूळ कापावं लागलं तेवढंच. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही देवळातून परतलो तेव्हा तो ओल्या पोत्यात गुंडाळलेलं झाड सायकलच्या कॅरिअरला बांधत होता. पोत्याच्या खालून मुळं लोंबत होती. सासूबाईंनी पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि त्या भराभर जिना चढून गेल्या.

मग त्यानं विटा परत रचल्या, सांधे भरले, जाड हातानं गिलावा केला, सुतळी लावून सपाटी बघितली. आठ दिवस भिंतीवर पाणी मारायचं होतं. ते काम सासूबाईंनी मागून घेतलं. पाणी घालायचा सराव होताच. त्यानंतर वाळायला सोडली. नणंदेचा तळहात रोज सकाळ-संध्याकाळ. दिवाळीच्या दोन दिवस आधी रंगाऱ्यानं फिकट पिवळा डिस्टेंपर लावला, आणि दिवाळी झाल्यावर एका सकाळी नणंद भिंतीपासून हात काढून माझ्याकडे वळली.

"वहिनी, एकदम सूखी है," ती म्हणाली. लहानपणापासून बालाघाटात वाढलेली, तिला आनंद झाला की हिंदीच यायची. त्या दिवशी ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

डिसेंबरात सरकारी दवाखान्यात तिला मुलगा झाला. पाचव्या दिवशी घरी आणला. थंडी कडाक्याची होती, पण खोलीत शेगडी ठेवली की उबेनं झापड येई. बाविसावा दिवस आला. त्या दिवशी नणंद बाळाला मांडीवरून खाली ठेवेना. तेविसाव्या दिवशी सकाळी बाळ भुकेनं किंचाळत उठलं, आणि आम्ही चौघंही उगाचच हसत सुटलो.

मी म्हटलं, मिस्त्रीला पेढे द्यायला हवेत. नवरा म्हणाला, कशाला, भेटला की सांगू. पण माझ्या मोठ्या मनाचा मला त्या दिवसांत फार अभिमान वाटत होता. पत्ता विचारत विचारत मी त्याच्या घरी गेले.

दोन खोल्यांचं कौलारू घर, अंगण स्वच्छ सारवलेलं. मिस्त्री कामावर गेला होता. त्याची बायको सुपात तांदूळ निवडत बसली होती. तिच्याशेजारी भिंतीला टेकून एक वीस-एकवीस वर्षांची मुलगी बसलेली होती, पाय लांब करून. दिवस भरत आलेले. बसल्याजागी श्वास लागत होता तिला.

मी कुणाची कोण ते सांगितलं. पेढ्यांचा पुडा पुढे केला. म्हटलं, "आमच्याकडे मुलगा झाला. खोली मिस्त्रींनी इतकी छान कोरडी करून दिली, म्हणून."

तिनं पुडा घेतला नाही. सूप बाजूला ठेवलं. "म्हंजे ते पिंपळवाली बाई तुमी."

"हो," मी हसून म्हणाले. "झाड कुठं लावलं?"

"गावी नेलं. विहाराजवळ लावलं. चार पानं फुटली म्हने." मग मुलीकडे बोट करून म्हणाली, "हे माही पोरगी. तुमच्या घरी झाड काढलं तवा हिले सहावा सरत आलता."

माझं हसू जागच्या जागी राहिलं. मी त्या मुलीच्या पोटाकडे बघितलं, आणि 'कोनता महिना हाय' असं विचारून मिस्त्री दोनदा 'हौ' का म्हणाला होता ते मला कळलं.

"मला माहीत नव्हतं हो," मी म्हणाले.

"इचारलंच कोनं? तुमच्या घरी पोटुशी होती, म्हून तुमी हात नाही लावला. मंग माह्या घरची काय दगडाची होय?"

"पण तुमच्यात तर असं मानत नाहीत..."

"आमी नाहीच मानत." ती ताठ बसली. "माहा मानूस म्हनते, झाडच ते, त्याचं कायचं पाप न् कायचं पुण्य. पन तुमी मानता ना? तुमाले पक्कं मालूम होतं का ज्याचा हात लागन त्याच्या घरचं लेकरू जाईन. तेवढं मालूम असून तुमी ते आमच्या घरी पाठवलं. हसत हसत पाठवलं."

मुलगी म्हणाली, "माय, जाऊ दे न." आईनं तिच्याकडे पाहिलं नाही. मी पुडा ओट्यावर ठेवला आणि निघाले. वाईट शब्द तिनं एकही वापरला नव्हता. जे केलं होतं तेच फक्त सांगितलं होतं, आणि ते तसं सांगितल्यावर कुणाही शहाण्या माणसाला खुनासारखं वाटलं असतं.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. "मले काय मालूम त्याच्या घरी पोरगी हाय म्हून," म्हणाल्या. मग बाळाचं दुपटं घडी घालता घालता, "माणसाच्या घरी लेकरं-बाळं असतेच म्हना."

पुढच्या शनिवारी त्यांनी देवापुढे एक जादा दिवा लावला. मी विचारलं, "हा कुणाचा?"

"त्या पोरीचा. सुखरूप सुटू दे बापा."

"तिच्यासाठी की आपल्यासाठी?"

"दोन्ही गं," त्या म्हणाल्या. निदान खोटं बोलल्या नाहीत. मला त्यांची कीव आली. वाटलं, ह्यांना अजूनही स्वतःचीच काळजी. मी दिवा लावला नाही. मी कुठलाच दोष-बिष मानत नव्हते, मला फक्त त्या मुलीची काळजी होती, असं मी स्वतःला बजावत असे. मनात तिचे दिवस मोजत असे. रात्री आमचं बाळ रडलं की दचकून उठायची आणि आधी आठवण यायची ती त्या दुसऱ्या बाळाची. दवाखान्यावरून जाताना दरवाजात मिस्त्रीच्या वस्तीतलं कुणी ओळखीचं दिसतं का ते बघायची, आणि कुणी दिसलंच तर मान खाली घालून निघून यायची, विचारायचं धैर्य व्हायचं नाही. जेवण जाईना. नवरा म्हणाला, डॉक्टरला दाखव. या काळजीनं मी जरा चांगली माणूस होते आहे असंसुद्धा मला वाटायला लागलं होतं.

संक्रांत होऊन गेली होती. मी गुजरीत भाजी घेत होते. मेथीच्या जुडीवरून घासाघीस चालली होती, तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. मिस्त्री. सायकलवरून उतरून तो माझ्याकडेच येत होता. मला त्याच्या चेहऱ्याकडे बघवेना. मी त्याच्या चपलांकडे बघत उभी राहिले.

"बाई, नात झाली. परवाच्या दिवशी," तो म्हणाला. "मायलेकी दोघी मजेत हायेत."

मी वर बघितलं. तो हसत होता. इतक्या महिन्यांत मी त्याला हसताना पाहिलं नव्हतं. माझ्या छातीवरून केवढा तरी धोंडा उतरला, डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी भर बाजारात ओरडले, "वाचलो हो मिस्त्री! वाचलो एकदाचे आम्ही!"

मेथीवाली माझ्याकडे बघू लागली. मिस्त्रीचं हसू हळूहळू ओसरत गेलं. रागावला नाही तो. त्यानं सायकल वळवली, आणि जाताना एवढंच विचारलं.

"तुमी काहून, बाई? पोरगी तं माही होती."